आधी विसळलेली भांडी

रेशन दुकानातल्या यंत्राला कोकिळाबाई इंगळेंचा अंगठा ओळखू येत नसे. दुकानदार आधी उजवा अंगठा काचेवर दाबायला लावी, मग डावा, मग एकेक बोट. मध्येच फडक्यानं काच पुसून घेई. मग कोकिळाबाईंना बोट केसांवरून फिरवायला सांगे, म्हणजे जरा तेल लागून रेषा उठतील. रेषा असत्या तर उठल्या असत्या. मागची रांग चुळबुळ करू लागे आणि शेवटी दुकानदार नेहमीचं वाक्य बोले, "लावा मावशी पोराले फोन."

पोरगा, म्हणजे भागवत, सुरतेला कापड रंगवण्याच्या गिरणीत होता. कार्डावर नंबर त्याचा होता, त्यामुळे अंगठा उमटला नाही की त्याऐवजी येणारा ओटीपीचा आकडा त्याच्या मोबाइलवर जाई. कोकिळाबाई फोन लावत. मागे यंत्रांचा घरघराट असे. भागवत ओरडून आकडा सांगे, त्या तो दुकानदाराला सांगत, आणि फोन लागलाच आहे म्हणून पुढं दोन वाक्यं होत.

"बरी हायेस ना?"

"हाव. तू?"

"हाव. ठेवतो, शिफ्ट चालू हाये."

महिन्यातून एकदा इतकं बोलणं होई. एरवी भागवतचा फोन येत नसे.

बोटांवरच्या रेषा भांडी घासण्यात गेल्या होत्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात उलटेसुलटे करून पाहिले आणि साबणापासून लांब राहायला सांगितलं. कोकिळाबाईंनी मान डोलावली, मलमाची ट्यूब घेतली आणि त्याच संध्याकाळी डिवऱ्यांच्या मोरीवर बसल्या.

त्यांचं माहेर पिंपळगाव राजाचं. भांडी घासायला त्या आईच्या शेजारी बसून शिकल्या, आणि त्या काळी घासायचं म्हणजे राखेनं. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या काड्यांची, राख पांढरी, मऊ. तुराटीची जरा भरड. ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून चाळायची, नारळाची शेंडी ओली करायची, राखेत बुडवायची आणि भांड्याच्या बुडापासून काठाकडे गोल घासत यायचं. आज जुनी माणसं राखेचं फार कौतुक करतात. त्यांतल्या बहुतेकांनी राखेनं भांडी घासलेली नसतात. कोरडी राख तेल ओढते, पण थंडीत तूप थिजलं की राख नुसती त्याच्यावर फिरते. पावसाळ्यात ती ओलसर होऊन तिचे गोळे होतात आणि दुधाच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, कालच्या दुधाचा वास तसाच राहतो. मटणाचं पातेलं तर तीनदा घासलं तरी चौथ्या दिवशी ओळखू येई. कोकिळाबाई हे कधी लपवत नसत. राखेबद्दल कुणी गोड बोललं की म्हणत, "मंग घासा ना एक दिवस." राखेची एकच गोष्ट त्या मान्य करत. तिनं हात कोरडे पडायचे, पण संध्याकाळी तेलाचं बोट फिरवलं की परत यायचे. साबणानं गेलेले आले नाहीत.

लग्न होऊन त्या नांदुऱ्याला आल्या. नवरा पुंजाजी बाजार समितीत हमाल. एका उन्हाळ्यात ताप डोक्यात गेला आणि तो गेला, तेव्हा भागवत मांडीवर होता. ज्या अडत दुकानात पुंजाजी पोती उतरवायचा त्याचे मालक उत्तमराव डिवरे. त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, कोकिळाबाईंना घरी बोलावलं आणि मागच्या अंगणातली मोरी दाखवली. तेव्हापासून ती मोरी त्यांची झाली. तिथला घासायचा दगड मधोमध खोलगट होत गेला. तो आधीच्या बायांनी झिजवला की आपण, हे कोकिळाबाईंना सांगता आलं नसतं.

त्या वेळी डिवऱ्यांच्या घरात पितळ, तांबं फार. वर्षातून एकदा शकूरभाई कल्हईवाले येत. अंगणातल्या कडुनिंबाखाली ते भट्टी पेटवत. मोठ्या हंड्यात वाळू टाकून अनवाणी उभे राहत, भिंतीला हात टेकत आणि कमरेपासून गर्रकन इकडे, गर्रकन तिकडे फिरत हंडा आतून घासत. कोकिळाबाई त्यांच्यापुढे चिंचेनं घासलेली भांडी नेऊन ठेवत. मग स्टील आलं. पितळ मोडीत गेलं, तांब्याचे दोन घडे तेवढे देवाजवळ राहिले. शकूरभाई एका वर्षी आले आणि भट्टी न पेटवताच चहा पिऊन गेले. पुढं ते गॅसच्या शेगड्या आणि कुकर दुरुस्त करू लागले. जाताना कोकिळाबाईंना म्हणाले होते, "स्टीलले कल्हई नाई लागत बहेन, पन घासनं तं लागतेच. तुमची नोकरी पक्की. जोपर्यंत माणूस जेवते, तोपर्यंत कोनी हटवत नाई तुमाले."

हे त्यांना पटलं होतं.

राखेनंतर सुटी पावडर आली, मग हिरवी वडी, मग बाटलीतला पातळ साबण. प्रत्येक नवी वस्तू आधीच्यापेक्षा चांगली घासायची, यात शंका नव्हती. जे पातेलं राखेनं तीनदा घासावं लागे ते वडीनं एकदाच. पण नांदुरा खारपाणपट्ट्यात. इथल्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून साबण दुप्पट लागतो, आणि दुप्पट साबण दुप्पट कातडी नेतो. शिवाय या पाण्यानं धुतलेलं भांडं आपोआप वाळू दिलं तर त्याच्यावर पांढरे ठिपके उमटतात. कोकिळाबाईंनी त्याला उपाय काढला होता. उत्तमरावांचं जुनं धोतर फाडून त्यांनी फडकी केली होती. भांडं धुतलं की ओलं असतानाच पुसायचं, आधी काठ, मग पोट, मग बूड. त्यांच्या हातचा पेला उजेडाकडे धरला तर त्यात डाग सापडत नसे. वच्छलाबाई पाहुण्यांना पाणी देताना पेला जरा उंच धरून देत, तो यासाठी.

एकेकाळी त्यांच्याकडे गल्लीतली आणखी घरंही होती. बोटांना चिरा पडू लागल्या, चिरांत पू होऊ लागला, तशी ती सुटत गेली. कुणी तोंडावर बोललं नाही. कुणी गावाला जाणार होतं, कुणाच्या सासूबाई आता स्वतःच घासणार होत्या. पण भाकरीच्या ताटाकडे आणि मग आपल्या हातांकडे गेलेली नजर कोकिळाबाईंना कळायची. रबरी हातमोजे त्यांनी घालून पाहिले. पेला निसटून फुटला, तेव्हा काढून टाकले. डिवऱ्यांचं घर तेवढं राहिलं. ते गेलं तर दुसरं मिळणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

भांडी धुण्याचं मशीन डिवऱ्यांच्या घरात येण्याला त्यांचे हातच कारण झाले. एका पावसाळ्यात उजवा तळवा सुजला आणि त्या आठवडाभर अंथरुणावर होत्या. वच्छलाबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्या वॉकर धरून चालत. सून सुचिता शाळेत शिक्षिका. सकाळी शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर तिनं भांडी घासली. ती अमडापूरच्या शेतकऱ्याची मुलगी, कामाला मागे हटणारी नव्हती, पण आठवड्याच्या शेवटी नवऱ्याला, गजेंद्रला, ती एवढंच म्हणाली, "उद्या मावशी कायमच्या बसल्या तर?" गजेंद्रनं मोबाइल काढला आणि दिवाळीच्या आत मशीन स्वयंपाकघरात, ओट्याखाली येऊन बसलं.

बसवायला अकोल्याहून राजकुमार नावाचा मेकॅनिक आला. तोंडात सुपारी, खांद्याला बॅग. पाईप जोडले, दार उघडलं, जाळ्या बाहेर ओढून दाखवल्या. कोकिळाबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. मग त्यानं तळातलं एक झाकण फिरवून काढलं.

"ह्याच्यात मीठ टाकायचं. त्याचं खास मीठ येते, हे पाहा पाकीट."

"मीठ?" वच्छलाबाई वॉकरवर पुढे झुकल्या. "अन् हळद, तिखट? ते कुठं टाकाचं?"

"आजी, पाणी मऊ होते त्यानं."

"अरे बाबा, नांदुऱ्याचं पाणी हाये हे! आमच्या बोअरचं पाणी पेलं तं म्हैस तोंड वाकडं करते. त्याच्यात आणखीन मीठ टाकून काय समुद्र करतं का माह्या घरात?"

सगळे हसले. राजकुमारही हसला. त्याला पुढं शेगावला जायचं होतं. "टाका पन," एवढं म्हणून त्यानं पाकीट ओट्यावर ठेवलं आणि बॅग उचलली. सगळ्यांत मोठ्यानं कोकिळाबाई हसल्या होत्या. पाकीट त्यांनीच उचलून लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर सुचिता ताटं उचलून सरळ जाळीत लावू लागली, तसा वच्छलाबाईंचा वॉकर खडखडत आला.

"थांब वं! खरकटं आत कोंडतं काय?"

"आई, धुवायलाच ठेवतेय ना."

"लगेच धुतं काय? तूच म्हनली, भरन तवा चालू करू. तवरिक उष्टं घरात कोंडून? दार लावून? खरकटं कोंडलं का अवदसा येते घरात. माह्या सासूनं कधी रात्री एक वाटी खरकटी ठेवू देल्ली नाई."

सुचिता थांबली. पुण्याच्या मोठ्या बहिणीकडे बऱ्याच वर्षांपूर्वी असंच एक मशीन होतं. तीही भांडी आधी विसळून मगच आत ठेवायची, नाही तर शितं चिकटून राहायची. तेव्हा सासू म्हणते त्यात तथ्य असावं असं तिला वाटलं. ती दाराकडे वळली. "मावशी, तुम्ही नुसती विसळून द्याल? घासू नका. हातांना आराम."

कोकिळाबाई हाव म्हणाल्या. वच्छलाबाईंच्या अवदसेनं त्यांचं काम वाचवलं होतं.

पण नुसतं विसळायचं म्हणजे काय, हे त्यांना जमेना. भांडं एक तर घासलेलं असतं किंवा नसतं. मधलं काही त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी पाण्याखाली ताट धरलं, बोट फिरवलं, बोटाला तेलकट लागलं. वडी हातात आपोआप आली. दोन-तीन दिवसांत त्या सगळी भांडी नेहमीसारखी घासून मशीनमध्ये लावू लागल्या, उलट जरा जास्तच मन लावून. आत जाणारं भांडं चांगलं गेलं तर बाहेर चांगलं येईल आणि ते आपल्यामुळे आलं हे दिसेल, असा हिशोब. मशीन बराच वेळ आतल्या आत घुमायचं. दार उघडलं की स्टीलवर पांढरट झाक असायची, पेल्यांवर तर चक्क भस्म फासल्यासारखी. मग कोकिळाबाई धोतराचं फडकं घ्यायच्या आणि एकेक पेला पुसून लख्ख करायच्या.

"काय मिजास ह्या मशीनची," वच्छलाबाई म्हणत. "घासते कोकिळा, पुसते कोकिळा. हे नुसतं भांड्याइले आंघोळ घालते."

शेजारच्या बाया मशीन बघायला येत, तेव्हा हेच वाक्य त्यांना ऐकायला मिळे. कोकिळाबाई तोंडाला पदर लावून हसत. बाजारात शकूरभाई भेटले, त्यांनाही त्यांनी सांगितलं.

"म्हंजे मशीन मधात अन् तुमी दोनी बाजूनं?" शकूरभाईंनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! मंग मशीन कायले घेतली?"

"पाहुण्याइले दाखवाले."

"बरं हाये. बसली राहू द्या अशीच बेगमसारखी."

दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ती तशी बसली. हात मात्र आधीपेक्षा बिघडले, कारण आता भांडी दुप्पट काळजीनं घासली जात होती. कोकिळाबाई चिरांवर मेण लावत आणि कुणाला दाखवत नसत.

वैशाखात बोअरचं पाणी उतरलं. टँकरचं गोडं पाणी दिवसाआड आलं तर आलं. त्यात सुचिताच्या मुलीचा, समीक्षाचा, वाढदिवस पडला. घर पाहुण्यांनी भरलं, मोरीवर ताटांचा, वाट्यांचा ढीग झाला, पिपात पाणी अर्ध्याच्या खाली. कोकिळाबाईंनी विचार केला, आणि तो विचार तसा शहाणपणाचाच होता. मशीन शेवटी पाणी घेतंच, तर साबण धुऊन टाकायला इथं वेगळं पाणी कशाला नासायचं? त्यांनी भांडी घासली आणि फेसासकट आत लावली. सुचितानं मशीनच्या साबणाची टिकिया टाकून बटण दाबलं आणि ती पाहुण्यांत गेली.

थोड्या वेळानं समीक्षा ओरडत आली, "मम्मी, मशीनले फेफरं आलं!"

दाराच्या खालून फेस निघत होता. पांढरा, दाट, न संपणारा. तो फरशीवरून पसरत फ्रिजच्या खाली गेला, पाटावरच्या केकच्या खोक्याला लागला. मशीनवर लाल दिवा लागला, एक अक्षर लुकलुकलं आणि ते पिकपिक करत बंद पडलं. बायका पदर खोचून फेस काढू लागल्या. खाऱ्या पाण्यात ज्या साबणाला कधी धड फेस आला नव्हता, त्याचा एवढा फेस कोकिळाबाईंनी जन्मात पाहिला नव्हता.

राजकुमार दोन दिवसांनी आला. त्यानं तळाचं पाणी काढलं, खरकटं अडवणारी गाळणीची जाळी काढून उजेडात धरली. तिच्यात शीत नव्हतं, कढीपत्त्याचं पान नव्हतं, काही नव्हतं. मग मिठाचं झाकण फिरवलं. आत कोरडं.

"मीठ कुठं हाये?"

कोकिळाबाईंनी लोणच्याच्या बरण्यांमागून पाकीट काढून दिलं. ते फोडलेलंही नव्हतं.

"वा," राजकुमार म्हणाला. मग मोरीवर पालथ्या घातलेल्या, मशीनमध्ये जायच्या भांड्यांकडे त्याची नजर गेली. एक ताट उचलून त्यानं वास घेतला. "हे तं घासलेले हायेत."

"आधी घासून मग ठेवतो," सुचिता म्हणाली. "माझ्या बहिणीकडे असंच करायचे."

"किती साल झाले त्या मशीनले, मॅडम? जुन्या मशीनले ते लागे. मीच सांगत जाऊ लोकाइले, विसळा, मंग ठेवा. तवाची पावडर तेवढी नव्हती. आता उलट हाये. ह्याच्यात एक डोळा असते. पाणी किती गढूळ हाये ते पाह्यते अन् तेवढं धुते. तुमी घासलेलं देता, त्याले वाटते काम नाई, ते लवकर आटपते. अन् टिकियेत जे असते ना, ते खरकटं खाते. खरकटंच नाई तं ते बिचारं काय खाईन? आमाले ट्रेनिंगमधी हेच सांगतलं, का मशीनले घाण द्या. अन् मीठ नाई म्हनून पांढरं येते. तुमच्या पान्याले तं दुसऱ्याच्या डबल मीठ लागन."

"समुद्र," वच्छलाबाई पुटपुटल्या, पण या वेळी कुणी हसलं नाही.

राजकुमारनं मीठ भरलं. मग म्हणाला, "आता घरातलं सगळ्यात खराब भांडं द्या. घासू नका, नुसतं शितं-बितं झाडून द्या."

सुचितानं सासूकडे पाहिलं. वच्छलाबाईंनी मान फिरवली. तेव्हा कोकिळाबाईंनाच सांगितलं गेलं, आणि कोकिळाबाईंनीच ती भांडी आणली. रात्रीच्या बेसनाचा गंज, ज्याच्या बुडाला बेसन वाळून पापडीसारखं झालं होतं. तर्रीची कढई. ताकाचे पेले, चहाचे कप. इतक्या वर्षांत खरकटं भांडं हातानं उचलून ते न घासता कुठं ठेवायची त्यांच्यावर पहिलीच वेळ होती. गंज त्यांनी तळाला, पालथा ठेवला. त्यांना ते बेसन माहीत होतं. वाळलेलं बेसन तारेच्या घासणीशिवाय निघत नाही. भिजत घातलं तरी नाही. घरात आणखीही घाण भांडी होती, पण राजकुमारनं सगळ्यात खराब मागितलं तेव्हा त्यांचा हात मुद्दाम त्या गंजाकडे गेला होता.

मशीन सुरू झालं. राजकुमार दुसऱ्या एका घरी फ्रिज बघून येतो म्हणून गेला. कोकिळाबाई मागच्या पायरीवर बसल्या. आत पाणी फिरल्याचा आवाज येई, थांबे, पुन्हा येई. मोरीवरचा दगड कोरडा होता. एक चिमणी त्याच्या खोलगटात उतरली, पाणी नाही बघून उडाली.

राजकुमार परतल्यावर त्यानं दार उघडलं. वाफ आली. वाफ गेल्यावर सगळे वाकले.

गंज स्वच्छ होता. बुडाला बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. कढईच्या कडीखाली, जिथं घासणी पोचत नाही, तिथलं तेल गेलं होतं. पेल्यांवर भस्म नव्हतं. ते उजेडाकडे धरून बघायची कुणाला गरज वाटली नाही. आणि कप. त्या कपांच्या आत, बुडाशी, तपकिरी गोल रेघ असायची. कप घेतल्यापासून कोकिळाबाईंनी ते रोज घासले होते आणि रेघ कपाचीच आहे असं धरून चालल्या होत्या. कप आतून पांढरेशुभ्र होते. ते तसेच होते, मुळापासून.

त्यांनी सवयीनं खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. एक पेला उचलला. पुसायला काही नव्हतं. तो त्यांनी परत ठेवला.

वच्छलाबाईंनी गंज मागून घेतला. काठाची दुमड, कान, बूड, सगळीकडे नख फिरवलं. अवदसेबद्दल त्या काही बोलतील म्हणून कोकिळाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काम टिकवायला कोकिळाबाईंकडे आता तेवढंच उरलं होतं.

"निंघालं वं सगळं," वच्छलाबाई म्हणाल्या. गंज त्यांनी सुनेच्या हातात दिला आणि वॉकर वळवून देवघराकडे गेल्या.

खरकटं न कोंडण्याची त्या घरातली रीत वच्छलाबाईंच्या सासूच्याही आधीची. ती एका दुपारी संपली आणि त्याबद्दल कुणी पुन्हा बोललं नाही.

सुचिता वाईट वागली नाही. तिनं कोकिळाबाईंना पाटावर बसवलं, चहा दिला. पांढऱ्या कपात. "मावशी, तुमचे हात बघा काय झालेत. आता खरंच आराम करा. सणासुदीला या, देवाची भांडी आहेत, तांब्याचे घडे आहेत. ते मशीनमध्ये नाही चालत."

"घडे दोनच हायेत," कोकिळाबाई म्हणाल्या.

"हो, पण या ना."

"मोठ्या बाई काय म्हनतात?"

सुचितानं देवघराकडे पाहिलं. आतून घंटी वाजली, जरा जास्त वेळ वाजली. "आई काही नाही म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळाबाई नेहमीच्या वेळेला उठल्या, लुगडं नेसल्या आणि मग बसून राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्या जुन्या घरांतून फिरून आल्या. एका घरी बाई लागली होती. एका घरी सून म्हणाली की आम्ही पण मशीनचंच बघून राहिलो, डिवऱ्यांकडचं पाहून आलो, काय कप निघतात म्हणे. तिसऱ्या घरी बोलणं होण्याआधीच नजर हातांवर गेली, तेव्हा त्या पाणी पिऊन परतल्या. नागपंचमीच्या आदल्या दिवशी डिवऱ्यांकडे जाऊन त्यांनी दोन घडे आणि देवाची ताम्हणं चिंचेनं घासली. पोळ्याला गेल्या तेव्हा ती घासलेली होती. समीक्षानं मोबाइलवर बघून कसलं तरी द्रावण आणलं होतं, त्यात बुडवलं की तांबं आपोआप उजळतं. तिनं घडा दाखवलाही, "पाहा आजी, घासावंच नाई लागत." घडा खरंच उजळला होता. मोरीवरच्या दगडावर कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवली होती.

घरी त्यांना घासायला एक ताट, एक वाटी, तवा, गंज. ते घासायला वडीचा तुकडा पुष्कळ दिवस पुरे. हातांना पाणीच लागेना. आधी चिरांतला पू गेला, मग चिरा मिटल्या, मग तळव्यावरची जुनी कातडी पापुद्र्यांनी सुटून खालून गुलाबी कातडी आली. डॉक्टरनं सांगितलं होतं ते अक्षरशः खरं ठरलं. रात्री त्या हात चोळत बसत, ते मऊ लागत, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

दसऱ्याच्या सुमारास त्या रेशन आणायला गेल्या. रांगेत पुढं शकूरभाई होते. त्यांचा अंगठाही लागत नसे. कल्हईच्या नवसागरानं आणि भट्टीच्या चटक्यांनी त्यांची बोटं कधीच गुळगुळीत झाली होती. त्यांनी डोळा लावायच्या यंत्राची चौकशी केली, दुकानदारानं ते बिघडल्याचं सांगितलं, आणि ते नातवाचा फोन येण्याची वाट बघत बाजूला उभे राहिले.

कोकिळाबाई पुढं सरकल्या. पिशवीतून मोबाइल काढून त्यांनी भागवतचा नंबर आधीच समोर आणून ठेवला. या वेळी त्याला काय सांगायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं होतं. काम सुटलं हे त्याला अजून माहीत नव्हतं. आकडा सांगून झाला की त्यानं फोन ठेवायच्या आत सांगायचं.

"अंगठा ठेवा मावशी. पाहू, नाई तं आहेच आपला फोन."

त्यांनी अंगठा काचेवर ठेवला. यंत्रानं टुण्ण आवाज केला आणि पावती बाहेर आली.

दुकानदारानं पावतीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "अरे वा! पह्यल्याच झटक्यात. काय लावलं मावशी बोटाले?"

"कायी नाई लावलं."

"चला, दरवखतची पोराले फोन करायची कटकट गेली." तो तांदूळ मोजू लागला.

कोकिळाबाईंनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. तांदूळ पडला, मग आतल्या दुसऱ्या पिशवीत गहू. शकूरभाई बाजूनं म्हणाले, "नंबर तं काढूनच ठेवला होता तुमी. करा ना फोन पोराले."

"काय म्हनून करू?" कोकिळाबाई म्हणाल्या. "अंगठा लागला ना."

मोबाइलचा उजेड विझला होता. त्यांनी तो पोलक्यात खोचला, पिशवी डोक्यावर घेतली आणि मागच्या माणसाला वाट दिली.